हिरव्या तेलाचा जमाखर्च

गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी एक व्याख्यानमाला झाली. तिचे दुसरे पुष्प 'जैव-अर्थव्यवस्था आणि पर्यावरणाचे भवितव्य' या विषयावर होते. वक्ते विद्वान होते आणि बोललेही चांगले. दगडी कोळसा आणि खनिज तेल यांच्यावर उभी असलेली जुनी अर्थव्यवस्था आता मावळत चालली आहे, असे ते म्हणाले. तिच्या जागी पिके, झाडे, शेण, काडीकचरा आणि सूक्ष्म जंतू यांच्यावर चालणारी नवी अर्थव्यवस्था येत आहे. आणि तिच्या अग्रभागी आपला महाराष्ट्र राहणार आहे, कारण आपल्याजवळ ऊस आहे. 'शेतकरी आजवर अन्नदाता होता, आता तो ऊर्जादाता झाला आहे', या वाक्याला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वाक्य टाळ्या वाजवण्याजोगेच होते.

मग प्रश्नांची वेळ आली. मी हात वर केला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येत नाहीत म्हणून दिलगिरी व्यक्त केली आणि आभाराचा माणूस उठला. चहा झाला, मंडळी पांगली. माझा प्रश्न माझ्याजवळच राहिला. तो फार मोठा नव्हता. मला एवढेच विचारावयाचे होते की, या नव्या ऊर्जेचा जमाखर्च कोणी मांडला आहे काय; आणि मांडला असेल, तर खर्चाच्या बाजूला कोणाकोणाची नावे आहेत?

संपादकांनी यंदा माझ्याकडे कथा मागितली होती. कथेऐवजी मी हा राहिलेला प्रश्न पाठवीत आहे. दिवाळी अंकाच्या वाचकाला घाई नसते, आणि इथे घड्याळाकडे पाहणारा अध्यक्षही नाही.

प्रथम माझा अधिकार सांगतो, म्हणजे पुढे कोणाची फसगत व्हावयाची नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणजे आजच्या भाषेत दहावी. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन लोकांनी वाचल्या. बालाघाटच्या डोंगरातल्या एका खेड्यात, एका लहानशा संस्थेच्या संध्याकाळच्या वर्गावर मी मानधनावर मास्तरकी करतो. आमच्या गावात ऊस नाही. आमच्या गावात ऊस तोडणारे आहेत. माझी आई सतरा हंगाम ऊस तोडत होती, आणि माझे शिक्षण मॅट्रिकपाशी का थांबले, याचे उत्तर त्या सतरा हंगामांत आहे. तेव्हा अर्थशास्त्र मला येत नाही हे मान्य. पण त्रैराशिक येते, आणि या लेखापुरते तेवढे पुरे आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे. नाहीतर वादाला अर्थ राहत नाही. खनिज तेल जाळले की कोट्यवधी वर्षे जमिनीखाली निजलेला कार्बन हवेत येतो आणि तिथेच साचून राहतो. वनस्पतीपासून केलेले इंधन जाळले की तोच कार्बन हवेत जातो, परंतु पुढच्या वर्षी उगवणारे पीक तो पुन्हा शोषून घेते. चक्र पुरे होते. शिवाय आपले तेल परदेशांतून येते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून एक लाख कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले, असे सरकार सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी हे मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०२२ साली ते १० टक्क्यांवर आले. २० टक्क्यांचे जे उद्दिष्ट २०३० सालासाठी ठरवले होते, ते अलीकडे ओढून २०२५ सालीच गाठले गेले. सरकारी कामे मुदतीआधी पुरी होण्याचा अनुभव आपल्याला फारसा नाही. म्हणून या गोष्टीचे कौतुक झाले ते वावगे नव्हे.

इथेनॉल हा या जैव-अर्थव्यवस्थेचा एक भाग; तिच्यात लसी येतात, जैविक खते येतात, जंतूंकडून करवून घेतलेले प्लास्टिकही येते. २०१४ साली ती १० अब्ज डॉलरांची होती, २०२४ साली १६५ अब्जांच्या पुढे गेली आणि २०३० पर्यंत ३०० अब्जांवर न्यावयाची आहे. यासाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक धोरण मंजूर केले. त्याचे नाव 'बायो-ई-थ्री'. तीन 'ई' म्हणजे अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे. शब्द सुंदर आहेत. हे तीनही शब्द मी आमच्या गावाच्या वेशीपाशी उभा राहून वाचतो आणि विचारतो की, यांतले इथपर्यंत किती पोहोचले?

पर्यावरणापासून सुरुवात करू. नीती आयोगाने इथेनॉल-मिश्रणाचा जो आराखडा २०२१ साली प्रसिद्ध केला, त्यातच एक आकडा आहे. विरोधकांनी शोधून काढलेला नाही, पुरस्कर्त्यांनीच छापलेला आहे. एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते, आणि असे एक लिटर इथेनॉल करावयाचे तर त्याच्यामागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते.

हे गणित मी वर्गात फळ्यावर घातले. मोटारसायकलच्या टाकीत पाच लिटर पेट्रोल भरले. त्यात वीस टक्के, म्हणजे एक लिटर इथेनॉल. ते सगळे उसाचे असेल तर त्यासाठी पाणी लागले २,८६० लिटर. सरकारच्याच जल जीवन योजनेत खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी द्यावे असे ठरले आहे. घरात पाच माणसे, तर रोजचे २७५ लिटर. मग त्या एका लिटर इथेनॉलच्या पाण्यात हे घर किती दिवस चालेल? मुलांनी भागाकार केला. दहा दिवस, आणि वर थोडे उरते. मागच्या रांगेतली एक मुलगी पाटीवरचे उत्तर पाहून म्हणाली, "सर, आमच्याकडं उन्हाळ्यात दहा दिवसांत एवढं पाणी येतच नाही." वर्गात कोणी हसले नाही. त्यांना ती साधी माहिती वाटली.

आणखी एक गणित करून पाहा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला आगगाडीने पाणी पाठवावे लागले. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, आणि ते सुमारे ३४० किलोमीटर प्रवास करून आले. साऱ्या देशाने त्या गाडीची छायाचित्रे पाहिली. त्याच्या आदल्या महिन्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी पुकारली होती. त्या पाच लाख लिटरांना २,८६० ने भागा. उत्तर येते १७५. ती सबंध आगगाडी १७५ लिटर इथेनॉलच्या मोलाची होती. आणि त्याच हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांची धुराडी पेटलेली होती, हे ज्यांनी ऊस तोडला त्यांना चांगले आठवते.

महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी सुमारे चार टक्के जमीन उसाखाली असते, आणि सिंचनाच्या पाण्यापैकी साठ-सत्तर टक्के पाणी एवढा ऊस पितो. उसाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी लागते. मराठवाड्यात पाऊस पडतो सातशेच्या आसपास. उरलेले तेराशे मिलिमीटर कुठून येतात? धरणातून, कालव्यातून, आणि ते आटले की चारशे-पाचशे फूट खोल गेलेल्या बोअरमधून. जमिनीखाली वर्षानुवर्षे साठलेले पाणी असे उपसून आपण जे इंधन करतो, त्याला आपण 'अक्षय' म्हणतो! खनिज तेल हा भूगर्भातला ठेवा आहे, तो उपसणे पाप. मग भूगर्भातले पाणी हा काय ठेवा नव्हे? एक विहीर बुजवून दुसरी कोरडी करणे याला संक्रमण म्हणावयाचे असेल तर म्हणा, पण टिकाऊ म्हणू नका.

हे कोणी आधी सांगितले नव्हते असेही नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ साली पाणीतुटीच्या भागांत उसाला आवर घालण्याची शिफारस केली. २०१९ साली औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांच्या अहवालाने मराठवाड्यातला ऊस थांबवून तेथे तेलबिया आणि कडधान्ये घ्यावीत असे सुचवले. २०१७ साली राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. मी उसाच्या मुलखातून हिंडतो तेव्हा मला सरीतून मोकळे पाणी वाहताना दिसते. निर्णय कागदावर ठिबकत असावा.

२०२३ सालची गोष्ट तर फार बोलकी आहे. त्या वर्षी पाऊस ओढला. डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करण्यावर बंदी घातली, मग काही दिवसांनी ती थोडी सैल केली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये येणाऱ्या हंगामापुरती उठवली. बंदी का घातली? साखर कमी पडून महागेल म्हणून. शहरातल्या चहाची काळजी घेतली, ठीकच केले. पण यावरून सरकारलाही पक्के ठाऊक आहे हे सिद्ध होते की, हे तेल पावसाचे आहे. पाऊस गेला की ते जाते. पुढे २०२५ साली वीस टक्के मिश्रणाविरुद्ध शहरांतून मोठी ओरड झाली. ती कशाबद्दल? गाडीचे मायलेज घटते याबद्दल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा तक्रार खोटी नव्हती. मायलेजवर महिनाभर चर्चा चालली. पाण्याविषयी मात्र मी एकही ओरड ऐकली नाही.

आता मला उत्तरे मिळतील, ती मी आधीच देऊन टाकतो.

पहिले उत्तर असे की, इथेनॉल हे मळीपासून होते. मळी साखरेच्या मागे उरतेच. तिच्यावर एवढे पाणी लादणे अन्यायाचे आहे. हे मळीपुरते खरे आहे. साखर करून उरलेल्या शेवटच्या मळीपासून जे इथेनॉल होते, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण धोरण तेवढ्यावर थांबले काय? साखर पुरती न काढता मधल्याच मळीपासून आणि थेट रसापासूनही इथेनॉल करावे म्हणून त्याला अधिक दर दिले गेले. उरलेल्याचा उपयोग करणे वेगळे आणि उपयोगासाठी पीक वाढवणे वेगळे. पहिल्यात घरच्या गृहिणीची काटकसर आहे; दुसऱ्यात कंत्राटदाराचा उत्साह आहे.

दुसरे उत्तर: उसावरचा भार आता कमी झाला, कारण अलीकडे निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून, विशेषतः मक्यापासून होते. हेही खरे. पण मका म्हणजे कोंबडीचे खाद्य. २०२४ साली, आजवर मका परदेशी पाठवणाऱ्या आपल्या देशाला तो बाहेरून आणावा लागला आणि कुक्कुटपालनवाले हवालदिल झाले. अन्न महामंडळाच्या कोठारातला तांदूळही भट्टीवर गेला. तेल आणणे टाळण्यासाठी दाणा आणावयाचा, हा व्यवहार मी वर्गात घातला तर मुले विचारतील, 'सर, यात वाचलं काय?'

तिसरे उत्तर सर्वांत जड आहे, आणि ते ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचे आहे. तो म्हणतो, 'मास्तर, ऊस सोडून मी काय लावू?' मी त्याला दोष देत नाही. उसाला कायद्याने ठरलेला भाव आहे आणि तो देणारा कारखाना दारात उभा आहे. तुरीला हमीभाव जाहीर होतो. पण पोती घेऊन केंद्रावर गेले की बारदाना संपलेला असतो. ज्वारी, करडई, हरभरा यांच्यामागे कोणी उभे नाही. इथेनॉलचे पैसे आल्यापासून कारखान्यांकडून उसाची बिले लवकर निघू लागली, हेही शेतकरी सांगतो, आणि ते मला मान्य आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला, तो सावकाराच्या आणि खाजगी भांडवलाच्या हातून शेतकरी सोडवण्यासाठी. त्या कामाचे मोल मी जाणतो. परंतु म्हणूनच विचारतो: जी हमी उसाला देता आली, ती कोरडवाहू पिकाला का देता येत नाही? शेतकऱ्याला ऊस आवडतो म्हणून तो ऊस लावतो असे नाही. दुसरे सारे दरवाजे बंद ठेवून एक उघडा ठेवला, म्हणजे माणूस त्याच दरवाजाने जाणार. आणि मग वक्ते त्याला 'ऊर्जादाता' म्हणणार!

आता तिसरा शब्द, रोजगार. इथे मला थोडे जपून लिहिले पाहिजे, कारण इथे माझे घर आहे.

ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात मुकादम येतो, कोयत्यामागे उचल देतो. ती उचल लग्नाला, आजारपणाला, जुन्या उचलीला जाते. दिवाळी झाली की ट्रक येतात. त्यांत माणसे, भांडी, कोंबड्या, ज्वारीचे पोते आणि लहान मुले चढतात. पुढचे पाच-सहा महिने फडाजवळच्या कोप्यांत. पहाटे तोड सुरू होते, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवावयाच्या, रात्री-अपरात्री गाडी आली की तेव्हा भरावयाची. एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो. नीती आयोगाच्या हिशेबाने ते १४० लिटर इथेनॉल झाले. एक दिवस अंग मोडून आले आणि पडून राहिले, तर तो खाडा. त्याचे पैसे कापले जातात.

या खाड्याचा एक हिशेब सरकारदरबारी नोंदलेला आहे. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जवळजवळ दर सहा बायकांमागे एक. दुखणे होते, कष्टाने वाढले होते, डॉक्टरांनी भीती घातली होती, आणि महिन्याचे चार दिवस बुडाले की खाडा पडत होता. वर्तमानपत्रांनी बातमी दिली, विधिमंडळात चर्चा झाली, समितीने शिफारशी केल्या. पुढच्या दिवाळीनंतर ट्रक वेळेवर आले.

ऊस तोडल्यावर त्याचा खोडवा पुन्हा फुटतो. म्हणून तो 'नूतनीकरणक्षम', म्हणजे पुन्हा पुन्हा उगवणारा. मी माझ्या आईची पाठ पाहिली आहे. तिला खोडवा फुटत नाही. एका जिवंत वस्तूच्या बदल्यात दुसरी जिवंत वस्तू झिजत असेल, आणि आपण पहिलीचीच नोंद ठेवत असू, तर त्या वहीला 'जैव' हे नाव कोणत्या तोंडाने द्यावे?

मी जुन्याला चिकटलेला मनुष्य आहे, असा यावर आक्षेप येईल. तसे नाही. कोळसा आणि तेल यांपासून सुटका झाली पाहिजे, हे मला त्या वक्त्यांइतकेच पटते; किंबहुना पाऊस लहरी झाल्याचा मार आमच्या डोंगरात आधी बसतो. आणि शेतीवर, शेणावर, काडीवर चालणारी अर्थव्यवस्था ही आम्हाला परदेशातून शिकावयाची गोष्टही नाही. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी गोबरगॅसचे संयंत्र तयार केले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते पुढे खेडोपाडी नेले. शेणातून चुलीला गॅस मिळतो, आणि उरलेली रबडी खत म्हणून शेतात जाते. घेतलेले परत जाते. उसाचे एकरी तीन-चार टन पाचट शेतकरी काडी लावून जाळून टाकतो. आपल्याच आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने त्याचा कोळसा करून चुलीत जाळण्याच्या कांड्या करण्याची रीत बसवली आणि २००२ साली तिला इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. हरियाणात पानिपतला २०२२ साली भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना उभा राहिला. जो पेंढा जाळून दिल्लीचा श्वास कोंडतो, तोच वर्षाला दोन लाख टन वापरावा अशी ती योजना आहे. कारखान्यातल्या प्रेसमडपासून गॅस करता येतो आणि उरलेले खत शेताला देता येते. या सर्व गोष्टी जैव-अर्थव्यवस्थेतच मोडतात, आणि यांतल्या एकीलाही नव्या पाण्याचा थेंब किंवा नव्या जमिनीचे गुंठाभर क्षेत्र मागावे लागत नाही. उरलेल्यावर त्या चालतात.

तेव्हा माझा झगडा वनस्पतीशी नाही, विज्ञानाशी तर मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच की, कोणत्याही इंधनाला 'हिरवे' म्हणण्याआधी पाणी कोणाचे गेले, जमिनीला काय परत मिळाले आणि राबणाऱ्या हाताला काय मिळाले, हे त्याच्या जमाखर्चात लिहिलेले असले पाहिजे. केवळ कार्बनचा रकाना भरून वही पुरी होत नाही.

हे स्वप्न आहे असे कोणी म्हणेल, म्हणून शेवटी एक घडलेली गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे एक अभियंते पुरंदर तालुक्यातल्या नायगावी गेले आणि तेथे त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम चार ओळींत मावतात. पाणी जमिनीच्या मापाने वाटावयाचे नाही, माणसांच्या मापाने वाटावयाचे: माणशी अर्ध्या एकराचे, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही, त्याचाही पाण्यात हिस्सा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि त्या पाण्यावर ऊस लावावयाचा नाही.

भूमिहीनाचा पाण्यात हिस्सा! हा विचार मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. ज्या माणसाजवळ फक्त कोयता आहे, तोही पाण्याचा मालक आहे, असे कोणीतरी या महाराष्ट्रात म्हटले होते. नुसते म्हटले नव्हते, करून दाखवले होते. त्याला ना डॉलरांचे अब्ज लागले, ना इंग्रजी आद्याक्षरे. हा नियम आमच्या गावाला आणि उसाच्या मुलखाला एकदम लागू झाला असता, तर माझी आई दर दिवाळीनंतर ट्रकमध्ये चढली असती काय? माझ्यापुरता हा प्रश्न जुना झाला. पण माझ्या वर्गातल्या मुलांपुरता तो दर वर्षी नवा होतो.

मला ठाऊक आहे की, हा लेख ज्या अंकात छापला जाईल, त्याच्यासारख्या अंकांच्या मलपृष्ठांवर साखर कारखान्यांच्या दिवाळीच्या शुभेच्छा असतात. त्या जाहिरातींवाचून मराठी दिवाळी अंक निघणे कठीण आहे. मीही ज्या जुन्या मोटारसायकलवर वर्गाला जातो, तिच्या टाकीत तेच वीस टक्क्यांचे मिश्रण असते. चहात साखर घालतो. तेव्हा मी कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून स्वतः न्यायाधीश होत नाही. खर्चाच्या बाजूला नाव नसलेल्या लोकांत आपण सारे आहोत, आणि खर्चाच्या बाजूला ज्यांची नावे आहेत त्यांना हा अंक वाचावयास मिळत नाही, एवढेच मला नोंदवावयाचे आहे.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा फराळ चालू असेल. आमच्या गावातही करंज्या होतात. भाऊबीज उलटली की वेशीपाशी ट्रक लागतील. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर एकतीस नावे आहेत. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या संध्याकाळी बारा मुले आली होती, ज्यांना आजीपाशी ठेवण्याजोगी आजी होती ती. मी मात्र एकतीस नावे पुकारतो. गैरहजर म्हणून नाव गाळले, की पटावरून ते हळूहळू जातेच, असा माझा अनुभव आहे.

ज्या मुलीने पाण्याचा हिशेब सांगितला, ती या वर्षी राहणार की जाणार, हे तिच्या घरी अजून ठरलेले नाही. तिची आजी उन्हाळ्यात वारली. तिने तो भागाकार बिनचूक केला होता. व्याख्यानमालेच्या पुढच्या पुष्पाला मी तिला घेऊन जाण्याचे मनात आणले आहे. माझा हात अध्यक्षांना दिसला नाही. तिचा दिसतो काय, पाहू. मात्र त्या दिवशी ती गावात असली पाहिजे.